उंदराचे यकृत आणि चिनी वैद्यक : मेदयुक्त यकृताच्या प्राणि-प्रारूपांचा एक विचार

सोनोग्राफीच्या अहवालातील 'यकृतात मेदसंचय, श्रेणी 1' किंवा 'श्रेणी 2' ही ओळ आता इतकी नित्याची झाली आहे की पुष्कळदा रुग्णच ती आपणास वाचून दाखवतो आणि आयुर्वेदात यावर काही आहे का, असे विचारतो. त्याच दिवशी दुपारी एखादा औषध प्रतिनिधी येतो आणि गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक टेबलावर ठेवतो. पत्रकावर 'संशोधनाने सिद्ध' असे ठळक अक्षरांत असते. ते संशोधन उंदरांवर झाले, हे तळाशी बारीक अक्षरांत असते आणि कधीकधी तेही नसते. वैद्य औषध लिहितो, औषधालयाचे मालक माल भरतात, रुग्ण सहा महिने ते घेतो. या सहा महिन्यांत यकृतात तंतुमयता वाढत असेल तर ती पत्रकाला ठाऊक नसते. त्या बारीक अक्षरांतील उंदराविषयी वैद्यबंधू-भगिनींनी थोडे जाणून घ्यावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते चीनचे. तेथील प्रौढांपैकी सुमारे तीन दशांश लोकांच्या यकृतात मेदसंचय आढळतो, असे तेथील एकत्रित पाहण्या सांगतात. तेथील पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये, रुग्णालये व प्रयोगशाळा यांनी या व्याधीवर प्राण्यांतील काम विपुल केले आहे. आपल्यासमोर ज्या अडचणी आज उभ्या आहेत त्या त्यांच्यासमोर आधी उभ्या राहिल्या, त्यांतील काही त्यांनी सोडवल्या आणि काहींत ते अजून गुंतलेले आहेत. दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

व्याधीचे नाव

मद्यपान न करणाऱ्या रुग्णांतही मद्यपीच्या यकृतासारखा दाह आढळतो, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लुडविग व सहकाऱ्यांनी 1980 साली मांडले आणि त्या अवस्थेस नाव दिले. पुढे 'एनएएफएलडी' हे व्यापक नाव रूढ झाले. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलून 'एमएएसएलडी' केले. आता 'मद्यविरहित' या नकारात्मक लक्षणाऐवजी चयापचयाच्या विकृतीवर भर आहे. संतर्पणोत्थ व्याधींचा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा बदल अनोळखी वाटू नये.

चिनी ग्रंथांतही 'मेदयुक्त यकृत' असा शब्द नाही. तेथील वैद्य या रुग्णांना बरगडीखालची वेदना, संचय, कफ, आर्द्रता अशा जुन्या प्रकरणांत बसवतात. त्यांच्या दृष्टीने येथे यकृताचा अवरोध आणि प्लीहेचे दौर्बल्य प्रमुख, आणि त्यातून कफ व आर्द्रता साचते, पुढे रक्त अडते. त्यांची 'प्लीहा' म्हणजे आपण शवविच्छेदनात पाहतो तो अवयव नव्हे. अन्नाचे रूपांतर व वहन हे तिचे कर्म असल्याने ती आपल्या ग्रहणी आणि अग्नीच्या कल्पनेस अधिक जवळची आहे. एकाच सोनोग्राफी अहवालाच्या दोन रुग्णांना तेथील वैद्य दोन वेगळी 'झेंग' म्हणजे लक्षणसमुच्चय ठरवून दोन वेगळे काढे देतो. आपणही तेच करतो. प्रयोगशाळेची खरी अडचण येथेच सुरू होते.

उंदीर आजारी कसा पाडतात

प्रयोगशाळेतील बहुतेक काम दोन प्राण्यांवर चालते : रॅट म्हणून ओळखला जाणारा मोठा उंदीर आणि माऊस म्हणून ओळखला जाणारा लहान उंदीर. त्यांच्यात व्याधी उत्पन्न करण्याच्या रीती अनेक आहेत, आणि कोणती रीत वापरली यावर निष्कर्षाची किंमत ठरते.

सर्वात साधी रीत अतिस्निग्ध आहाराची. नेहमीच्या खाद्यात एकूण उष्मांकांचा सुमारे दहावा हिस्सा मेदाचा असतो, येथे तो 45 किंवा 60 टक्के करतात. 'सी-57 ब्लॅक-6' जातीचा लहान उंदीर या आहाराने तीन-चार महिन्यांत लठ्ठ होतो, इन्सुलिनला दाद देईनासा होतो, यकृतात मेद साचतो. मनुष्याच्या व्याधीशी हे निदान बरेच जुळते. परंतु दाह सौम्य राहतो आणि तंतुमयता फारशी येत नाही. संशोधकाला प्रबंध वेळेत द्यायचा असतो, म्हणून तो घाईची रीत शोधतो.

घाईची रीत म्हणजे मेथिओनिन व कोलीन काढून टाकलेले खाद्य. हिचे मूळ मोठे रोचक आहे. टोरंटो येथे इन्सुलिनचा शोध लागल्यावर स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगवली जाऊ लागली, पण त्यांचे यकृत मेदाने भरू लागले. लेसिथिन दिल्यावर ते सुधारले, आणि त्यातील कार्यकारी अंश कोलीन आहे हे बेस्ट व सहकाऱ्यांनी 1932 साली दाखवले. कोलीन नसेल तर यकृत आपला मेद रक्तात सोडू शकत नाही. या खाद्यावर उंदराला काही आठवड्यांतच दाह आणि तंतुमयता येते, सूक्ष्मदर्शकाखालील चित्र उत्तम दिसते. मात्र हा उंदीर कृश होत जातो. त्याचे वजन घटते आणि इन्सुलिनचा प्रतिरोधही दिसत नाही. आपला रुग्ण सुटलेले पोट घेऊन येतो, हा उंदीर अपतर्पणाने आजारी पडलेला असतो. संतर्पणजन्य व्याधीवरील औषधाची परीक्षा अपतर्पित प्राण्यावर घ्यावी काय, हा प्रश्न आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडावा.

तिसरी रीत जन्मजात विकृतीची. लेप्टिन हा तृप्ती सांगणारा स्राव ज्याच्यात तयारच होत नाही असा लठ्ठ उंदीर 1949 साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत आढळला, आणि त्याचे जनुक 1994 मध्ये सापडले. तो अखंड खात राहतो. मनुष्यात अशी विकृती अत्यंत दुर्मीळ आहे. आपल्या बहुतेक लठ्ठ रुग्णांच्या रक्तात लेप्टिन उलट अधिकच असते.

आणि चौथी रीत विषाची. कार्बन टेट्राक्लोराइडने यकृताच्या पेशी मरतात व काही प्रमाणात मेदही साचतो. आपल्याकडे 'यकृत-संरक्षक' म्हणून नावाजलेल्या पुष्कळ वनस्पतींचे काम याच विषावर, अथवा पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर, झालेले आहे. ते काम खोटे नाही. पण विषाने पोळलेल्या यकृताचे रक्षण आणि वीस वर्षांच्या बैठ्या जीवनाने साचलेल्या मेदाचे क्षपण या दोन वेगळ्या चिकित्सा आहेत. पत्रकात त्या एक होतात.

उंदराचे म्हणून काही स्वभावही आहेत. मोठ्या उंदराला पित्ताशयच नसते. लहान उंदराच्या पित्तात मनुष्यात सहसा न आढळणारी पित्ताम्ले असतात. दोघांच्याही रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः 'चांगल्या' म्हणवल्या जाणाऱ्या कणांवर वाहते. प्रयोगशाळेचे 22 अंश तापमान आपल्याला सुखाचे वाटते, पण लहान उंदराला ते थंड असते, आणि अंग उबदार ठेवण्यात तो आपली बरीच ऊर्जा खर्च करतो. त्याला 30 अंशांच्या आसपास ठेवले तर त्याच आहाराने यकृताची व्याधी अधिक बळावते, हे 2017 मध्ये दाखवले गेले. औषध तेच, आहार तोच, केवळ खोलीच्या उष्णतेने निष्कर्ष हलतो.

चीनमध्ये फार वापरला जाणारा एक लहान उंदीर 'कुनमिंग' नावाने ओळखला जातो. त्याचे पूर्वज 1944 साली मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेतून कुनमिंग शहरात नेलेले स्विस उंदीर होत. पुढे त्यांचीच प्रजा चीनभर पसरली. चिनी काढ्यांच्या असंख्य प्रयोगांत परळचे हे वंशज कामी आले आहेत, हे आमच्या मुंबईकर वाचकांस ठाऊक नसावे.

उंदराची जिव्हा कोण पाहणार?

येथवर सांगितलेली प्रारूपे व्याधीची झाली. चिनी वैद्यांचा आग्रह असा की केवळ व्याधीचे प्रारूप पुरेसे नाही, 'झेंग'चेही प्रारूप हवे. शांघायमध्ये 1960 च्या दशकात कॉर्टिसोन जातीची संप्रेरके अधिक मात्रेत दिलेले लहान उंदीर थंड, सुस्त व कृश झाले. त्यांना 'यांग'च्या क्षयाचे प्रारूप मानले गेले आणि उष्ण औषधांनी ते सुधारतात का, हे पाहिले गेले. पुढे प्लीहा-दौर्बल्याचे प्रारूप आले. त्यासाठी रेवंदचिनीचा शीत विरेचक काढा दिवसेंदिवस पाजतात, एक दिवस भरपेट तर एक दिवस उपाशी ठेवतात, थकेपर्यंत पाण्यात पोहवतात. दुसऱ्या एका रीतीत रिसर्पिन टोचतात. हे द्रव्य आपल्याच सर्पगंधेतून 1952 साली वेगळे केले गेले होते. यकृताच्या अवरोधासाठी प्राण्याला अरुंद नळीत कोंडतात किंवा शेपटीला चिमटा लावून चिडवतात. मेदयुक्त यकृतासाठी अलीकडे दोन्ही एकत्र करतात : अतिस्निग्ध आहार अधिक रेवंदचिनी, किंवा अतिस्निग्ध आहार अधिक कोंडणे. ग्रंथोक्त हेतू देऊन संप्राप्ती घडवण्याचा हा प्रयत्न आहे. विषम अशन, अतिश्रम, क्रोध, चिंता ही हेतूंची यादी आपल्याला परकी नाही.

कल्पना म्हणून आम्हाला हे मान्य आहे, किंबहुना आवडतेही. पण घडलेली संप्राप्ती खरोखर तीच आहे हे ओळखायचे कसे? नाडी पाहता येत नाही, प्रश्न विचारता येत नाही. चिनी संशोधक मलाचा पातळपणा, केसांची चमक, एकत्र गोळा होऊन बसणे यांची नोंद करतात. पंजे, शेपूट व जीभ यांची छायाचित्रे काढून रंग मोजतात. आतड्यातील शोषण कमी झाले का, हे झायलोज ही शर्करा पाजून मूत्रात किती उतरते यावरून पाहतात. हे शेवटचे मापन आम्हाला सर्वात प्रामाणिक वाटते, कारण त्यात पाहणाऱ्याच्या मनाला वाव कमी असतो.

याहून सूक्ष्म अडचण पुढे आहे. प्रारूप खरे की खोटे, हे तेथे बरेचदा औषधावरून ठरवतात. प्लीहा-दौर्बल्याच्या काढ्याने प्राणी सुधारला, म्हणजे त्याला प्लीहा-दौर्बल्यच होते, असा हा तर्क. वाचकांना लगेच उपशय आठवेल. गूढ लिंगाच्या व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी, हे चरकसंहितेने विमानस्थानात सांगितलेच आहे. परंतु रुग्णाच्या बाबतीत उपशय निदानासाठी वापरताना औषधाचा गुण आधी सिद्ध मानलेला असतो. प्रयोगशाळेत त्याच औषधाचा गुण सिद्ध करायला निघालो असताना प्रारूपाची सिद्धता त्याच औषधावर टेकवली, तर चक्रक दोष होतो. चिनी संशोधकांपैकी काहींनी यावर उपाय म्हणून त्याच प्रारूपात तीन-चार वेगवेगळ्या 'झेंग'चे काढे शेजारी-शेजारी तपासले. एकच काढा लागू पडला व इतर पडले नाहीत, तर काही तरी हाती लागते. सगळेच लागू पडले, तर ते प्रारूप केवळ मेदाचे होते. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका द्रव्याऐवजी विरुद्ध गुणांची दोन द्रव्ये एकाच प्रारूपात तपासावीत, असे आम्ही यास्तव सुचवू.

दारुहळदीची भगिनी

एका उदाहरणात हे सर्व नीट दिसते. हुआंगलियान ही चिनी तिक्त मुळी म्हणजे कॉप्टिस. तिची भारतीय बहीण अरुणाचलातील मिश्मी टेकड्यांतून येते व बाजारात ममीरा म्हणून विकली जाते. तिच्यातील बर्बेरिन हे पिवळे द्रव्य आपल्या दारुहळदीत आणि म्हणून रसांजनातही आहे.

2004 मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी बर्बेरिन यकृतपेशींवरील एलडीएल ग्राहक वाढवते, असे दाखवले. त्यांनी त्यासाठी नेहमीचा उंदीर न घेता हॅमस्टर घेतला, कारण त्याचे कोलेस्टेरॉलचे वहन मनुष्याच्या अधिक जवळचे आहे. प्रारूप विचारपूर्वक निवडल्याचे हे चांगले उदाहरण होय. त्याच कामात 32 रुग्णांवर तीन महिने औषध देऊन कोलेस्टेरॉल सुमारे 29 टक्के उतरल्याचेही नोंदले गेले. पुढे 2015 मध्ये शांघायमध्ये मेदयुक्त यकृताच्या 184 रुग्णांवर 16 आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. मात्रा 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बर्बेरिन आणि आहार-व्यायाम घेणाऱ्यांत यकृतातील मेद 52.7 टक्के घटला. केवळ आहार-व्यायाम करणाऱ्यांत तो 36.4 टक्के घटला. ही चाचणी उघड होती, म्हणजे कोण काय घेतो हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्यात यकृताचा तुकडा काढून पाहिलेला नाही. तरीही प्राण्यापासून मनुष्यापर्यंतचा प्रवास येथे झाला आहे. केवळ पथ्याचा वाटा किती मोठा, हेही त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

बर्बेरिन आतड्यातून एक टक्काही शोषले जात नाही. आतड्यातील जंतू त्याचे रूप पालटतात आणि मग ते आत जाते. उंदराच्या आतड्यातील जंतूंचा मेळा निराळा, शिवाय उंदीर आपली विष्ठा खातो. तेव्हा उंदरातील मात्रेवरून मनुष्याची मात्रा थेट काढणे धाडसाचे आहे.

मात्रेचा हिशेब आपल्या प्रबंधांत पॅजेट व बार्न्स यांच्या कोष्टकाने करतात. मनुष्याची मात्रा गुणिले 0.018 म्हणजे 200 ग्रॅमच्या मोठ्या उंदराची मात्रा. सहा ग्रॅम चूर्णाला हे 108 मिलिग्रॅम होतात. आता पत्रकातील प्रयोगात अर्क किलोमागे 1000 मिलिग्रॅम दिला असेल आणि उतारा दहा टक्के असेल, तर त्या उंदराला दोन ग्रॅम चूर्णाइतके द्रव्य मिळाले. मनुष्यासाठी ते दररोज सुमारे 111 ग्रॅम चूर्ण होईल. आपण देतो त्या दोन गोळ्यांचा या प्रयोगाशी काय संबंध, हे प्रतिनिधीला विचारून पाहावे.

तिक्त द्रव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार वेळा निसटते. हुआंगलियान असो की कुटकी, तिक्त द्रव्याने प्राण्याचे खाणे कमी होते किंवा मल पातळ होतो, वजन उतरते, आणि वजनासोबत यकृतातील मेदही उतरतो. म्हणून एका गटाला औषध न देता औषधी गटाइतकेच मोजून खाद्य द्यावे लागते. हा गट नसलेला निबंध वाचताना आम्ही हात आखडता घेतो. औषध आहाराबरोबरच पहिल्या दिवसापासून सुरू केले की व्याधी झाल्यावर, हेही पाहावे. बरेच निबंध पहिल्या प्रकारचे असतात. आपल्याकडे रुग्ण व्याधी झाल्यावरच येतो.

निरोगी उंदीर आणि आजारी माणूस

दुसरी बाजू सुरक्षिततेची. केस काळे राहावेत व मेद कमी व्हावा म्हणून चीनमध्ये लोक ह-शौ-वू नावाची मुळी आवडीने घेतात. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याचे अहवाल वाढत गेले, आणि 2014 मध्ये तेथील औषध प्रशासनाने आरोग्यपूरक पदार्थांतील तिच्या मात्रेवर मर्यादा घातली. गंमत अशी की निरोगी उंदरांना ती भरपूर दिली तरी बहुधा काही होत नसे. बीजिंगच्या एका गटाने उंदरांत जंतूंच्या आवरणातील द्रव्य टोचून सौम्य दाह उत्पन्न केला आणि मग मुळी दिली, तेव्हा यकृताची इजा दिसली. ज्याची प्रतिकारव्यवस्था आधीच भडकलेली आहे त्यालाच ही मुळी बाधते, असा त्याचा अर्थ. प्रकृती, देश, काल पाहून औषध द्यावे हे आपण म्हणतोच, येथे त्याचे प्रारूपच बनवले गेले.

गुळवेलीसंबंधी 2021 मध्ये मुंबईतील काही रुग्णांवरून जो वाद झाला तो वाचकांच्या स्मरणात असेल. आयुष मंत्रालयाने तो निबंध दिशाभूल करणारा ठरवला व दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असण्याची शक्यता पुढे केली. द्रव्याची ओळख हा मुद्दा रास्तच आहे, आणि कच्चा माल घेणाऱ्या औषधालयांनी तो मनावर घ्यावा. पण 'हजारो वर्षे वापरात आहे' आणि 'उंदरांत विषार नाही' ही दोन उत्तरे, ह-शौ-वूचा इतिहास पाहता, पुरेशी नाहीत.

उंदराने फसवले ते केवळ पारंपरिक वैद्यकालाच, असे कोणी समजू नये. सेलोनसर्टिब 2019 मध्ये आणि एलाफिब्रानोर 2020 मध्ये याच व्याधीच्या मोठ्या मानवी चाचण्यांत अपयशी ठरली. प्राण्यांत दोन्हींनी चांगली आशा दाखवली होती. अमेरिकेत या व्याधीसाठी पहिले औषध, रेस्मेटिरॉम, मान्य व्हायला मार्च 2024 उजाडले, तेही मध्यम ते पुढच्या तंतुमयतेसाठी आणि सशर्त. दुसरे, सेमाग्लुटाइड, ऑगस्ट 2025 मध्ये आले.

आमच्या मते यापुढचे उपयोगी प्रारूप आपल्या चिकित्सालयातच आहे. महाविद्यालयांनी प्राण्यांवरील काम नैतिक समितीच्या देखरेखीखाली, कमीत कमी प्राण्यांत व योग्य प्रारूपात जरूर करावे. परंतु प्रत्येक वैद्याला उद्यापासून जे करता येईल ते असे : मेदयुक्त यकृताचा रुग्ण आला की वजन, कंबरेचा घेर, एएसटी, एएलटी व प्लेटलेट्स लिहून ठेवावीत. वयाला एएसटीने गुणावे, त्यास प्लेटलेट्सच्या हजारातील संख्येने व एएलटीच्या वर्गमुळाने भागावे. उदाहरणार्थ वय 50, एएसटी 40, एएलटी 64 आणि प्लेटलेट्स 2 लक्ष असतील, तर 2000 भागिले 1600, म्हणजे 1.25. आकडा 1.3 पेक्षा कमी असेल तर पुढच्या तंतुमयतेची शक्यता कमी. मग आपली चिकित्सा व पथ्य निश्चिंतपणे सुरू करावे आणि सहा महिन्यांनी हेच आकडे पुन्हा घ्यावेत. पासष्टीच्या पुढे ही सीमा 2.0 धरतात. मधल्या आकड्यांना फायब्रोस्कॅन करवून घ्यावा, आणि 2.67 च्या वर असेल तर आपले औषध चालू असो वा नसो, यकृततज्ज्ञाकडे पत्र देऊन पाठवावे.